वंगाळ, घाण, बेकार : नावडत्याला नाव देण्याची रीत

(प्रस्तावना)

गडमुडशिंगीतल्या जुन्या वळणाच्या बाईनं जुना शेंगदाणा तोंडात टाकला तर ती तो 'वाईट आहे' असं म्हणत नाही, 'खवट हाय' म्हणते. पावसाळाभर पेटीत राहिलेल्या लुगड्याला कुबट वास येतो. कालची आमटी विटते, दूध नासतं, पीठ आंबतं, लाकूड किडतं, बोअरचं पाणी मचूळ लागतं, तेलाचा हात लागून लागून डबा मेणचट होतो. यातल्या प्रत्येक शब्दात काय बिघडलं हे तर आहेच, शिवाय ते कशानं बिघडलं आणि आता त्याचं काय करायचं हेही आहे. खवट दाणा टाकून द्यायचा, कुबट लुगडं उन्हात घालायचं, मेणचट डबा गरम पाण्यानं घासायचा. त्याच घरातली शाळकरी नातवंडं मात्र दाण्याला, लुगड्याला, पाण्याला, डब्याला आणि वर्गातल्या नावडत्या मुलालाही एकच शब्द लावतात : घाण.

आपण नावडत्या गोष्टींना कोणती विशेषणं लावतो, ती कुठून आली, कुठे वापरली जातात आणि माणसांना लावली की काय करतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'नॅस्टी' असाच सगळीकडे फिरतो. हवा नॅस्टी, जखम नॅस्टी, वास नॅस्टी, टोमणा नॅस्टी आणि माणूसही नॅस्टी. असा सर्वसंचारी शब्द प्रत्येक भाषेत असतो आणि त्याची गरजही असते. मराठीचं वेगळेपण असं की आपल्याकडे असे शब्द एकापेक्षा जास्त आहेत, ते वेगवेगळ्या काळांतून आणि वेगवेगळ्या दारांनी आले आहेत, आणि एकाच गावात शेजारी शेजारी नांदताहेत. कोल्हापूरच्या आग्नेयेला, हुपरीच्या रस्त्यावरचं गडमुडशिंगी हे असं गाव आहे. शिवाराला उजळाईवाडीचा विमानतळ भिडलेला, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळच, गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना, आणि बाकी ऊस. शेताची, दुधाची, कारखान्याची आणि शहरातल्या कॉलेजची भाषा इथे एका घरात ऐकू येते. म्हणून या पुस्तकातल्या शब्दसंग्रहाचं केंद्र हे गाव ठेवलं.

वंगाळपासून सुरुवात करणं भाग आहे, कारण कोल्हापूर भागाची मराठी ज्या थोड्या शब्दांवरून ओळखावी त्यात तो आहे. शहरी वाचक तो ग्रामीण चित्रपटात ऐकतो आणि 'वाईट'चं खेडवळ रूप समजून पुढे जातो. तसं ते नाही. मयताच्या घरी अंगणात माणसं गप्प बसलेली असतात, मागून आलेला माणूस चपला काढून त्यांच्यात टेकतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि म्हणतो, "लई वंगाळ झालं बगा." घरातला कर्ता मान हलवतो. दुसरं काही बोलावं लागत नाही. पोरगं रागाच्या भरात मरणाची भाषा करू लागलं की आई म्हणते, "आसं वंगाळ बोलू नगंस." दुपारी अंथरुणावर पडलेली बाई सांगते, "सकाळधरनं वंगाळ वाटाय लागलंय." दुःख, अशुभ आणि आजारपण ही वंगाळची तीन घरं आहेत. विटलेल्या आमटीला कुणी सहसा वंगाळ म्हणत नाही. जिथे माणसाचं काही हिरावलं जातं किंवा हिरावलं जाण्याची भीती असते, तिथे हा शब्द येतो. 'वाईट'ला ही सीमा नाही. तो हवेला, रस्त्याला, निकालालाही लागतो.

ओंगळ आणि अमंगळ हे वंगाळचे सख्खे शेजारी. अर्थानं वंगाळ अमंगळाच्या जवळ, तोंडावळ्यानं ओंगळाच्या. संतांच्या मराठीत या अर्थाचा चलनी शब्द मात्र वेगळाच होता : वोखटें. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तो भेटतो, पुढे शतकानुशतकं चालतो आणि मग बोलण्यातून इतका साफ जातो की आजच्या वाचकाला टीप बघावी लागते. 'वाईट'नं त्याची जागा घेतली. इतका घरचा शब्द संपू शकतो, हे आजच्या शब्दांविषयी बोलताना ध्यानात ठेवलेलं बरं.

घाणची वाट नाकातून येते. संस्कृत घ्राण म्हणजे वास, वास घेणं, नाक. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. मराठीत ती दुर्गंधी झाली, मग दुर्गंधी देणारी वस्तू, मग कुठलाही मळ, मग वाईट सवय, वाईट बोलणं, वाईट माणूस. वास या शब्दाचंही पाऊल त्याच दिशेनं पडलेलं दिसतं. 'दुधाला वास येतोय' म्हटलं की तो चांगला वास नव्हे, हे सांगावं लागत नाही. व्याकरणात तर घाण अजून उंबरठ्यावर उभी आहे. 'मला घाण वाटते' यात ती स्त्रीलिंगी नाम आहे, क्रियापद तिच्यामागे चालतं. 'घाण पाणी', 'घाण सवय', 'घाण माणूस' यांत ती विशेषण झाली आहे, पण घाणेरडा-घाणेरडी-घाणेरडं असं रूप बदलत नाही. हल्लीच्या पोरांच्या बोलण्यात ती आणखी पुढे सरकली आहे. 'घाण धुतला', 'घाण हाणला' यांत मळही नाही आणि किळसही नाही, फक्त जोर आहे. 'बेक्कार हसलो' मधला बेकारही तसाच. इंग्रजीत भय आणि आदर यांच्या भावनेतून आलेला 'ऑफुल' आधी नुसता वाईट झाला आणि मग 'फार' या अर्थाला पोचला. नावडतीचे शब्द जगभर या उतारावरून घसरतात. आपल्याला ती घसरण चालू असतानाच पाहायला मिळते आहे, ही या अभ्यासातली मोठी संधी आहे.

बेकार फारसीतून आला. काम नसलेला तो बेकार, आणि नोकरी शोधणाऱ्याला तो आजही त्या मूळ अर्थानं टोचतो. रद्दी हा त्याच्याच वेशीतून आत आलेला. भाषाशुद्धीच्या चळवळीनं अशा शब्दांना परके ठरवलं. त्या वादात कोल्हापूरचा एक मोठा दुवा आहे. पुढे इथल्या राजाराम कॉलेजात शिकवायला आलेल्या माधव जूलियनांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश केला, म्हणजे या शब्दांचं आपल्या घरातलं स्थान परिश्रमानं नोंदवलं, आणि नंतर ते स्वतः भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. एकाच विद्वानाच्या आयुष्यात शब्दांविषयीची ओढ आणि दुरावा दोन्ही इतक्या तीव्रतेनं भेटावेत, याचा अभ्यासकांनी अजून पुरेसा विचार केलेला नाही असं मला वाटतं. लोकांनी मात्र या वादाचा निकाल केव्हाच लावला. बेकारला कुणी घराबाहेर काढलं नाही.

कारखानदारीनंही शब्द दिले. कोल्हापूर हे ओतकामाचं मोठं केंद्र. फौंड्रीत भंगार हा कच्चा माल आहे, त्याला दर आहे, त्याची प्रतवारी होते. फाटकाबाहेर 'भंगार पिक्चर' म्हणजे शेवटची पायरी. सरकारी दप्तरानं बाद ठरवलेल्या गाडीसाठी इंग्रजीतून आलेला कंडम एस.टी.च्या आगारातून सुटून म्हाताऱ्या बैलापर्यंत आणि मोडक्या पंपापर्यंत पोचला. हे शब्द वस्तूचा वास किंवा चव सांगत नाहीत. तिचा उपयोग संपल्याचं सांगतात. शेतकऱ्याच्या जुन्या शब्दांत वस्तू बिघडते, नव्यांत ती बाद होते. हा फरक मला शब्दांच्या उगमापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

शब्दांच्या घडणीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. मळकट, कळकट, बुरसट, कुबट, खवट, ओशट, मेणचट, पाणचट हे सगळे ट वर संपतात. आंबट, खारट, तुरट यांतही ट आहे, पण तिथे नापसंती नाही, नुसती चव आहे. काळपट, पिवळट, निळसट या रंगांत तो 'पुरतं नाही, थोडंसं' असं सांगतो. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून शब्दसिद्धीची चर्चा आपल्याकडे बारकाईनं झाली आहे, तरी या ट ला चिकटलेल्या भावनेकडे कमी लक्ष गेलं. माझा अंदाज असा की नापसंती या अर्धवटपणातूनच येते. धड पांढरं नाही आणि धड काळं नाही, धड पाणी नाही आणि धड ताक नाही, अशा मधल्या अवस्थेला मराठी मन नाक मुरडतं. हा अंदाज तपासून पाहण्यापुरती सामग्री पुस्तकात दिली आहे.

या क्षेत्रात आधी काय झालं, ते नव्या वाचकासाठी थोडक्यात. पहिली परंपरा कोशकारांची. शास्त्रीमंडळींचा महाराष्ट्र भाषेचा कोश 1829 मध्ये मुंबईत निघू लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्दांवर गेला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत पुरा झाला, आणि 1946 मध्ये कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आला. या माणसांचे उपकार फिटणारे नाहीत. पण कोश अर्थ सांगतो. शब्द कुणी, कुणाला, कोणत्या सुरात म्हटला हे त्यात फारसं मावत नाही, आणि नापसंतीच्या शब्दाचा जीव त्या सुरातच असतो.

दुसरी परंपरा बोलींच्या अभ्यासकांची. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 चा. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉकनं 1920 मध्ये मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साठच्या दशकात अ. मा. घाटगे यांनी एकेक बोली हाती घेऊन तिचं वर्णन करण्याचा शिरस्ता घातला, आणि ना. गो. कालेलकरांनी साध्या, प्रसन्न मराठीत भाषेचा भूगोल सामान्य वाचकापर्यंत आणला. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनात 2013 मध्ये निघाला. त्यानंतर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगावच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करून सर्वेक्षण उभं केलं. उच्चार, रूपं, नात्यांची नावं, वस्तूंची नावं या सगळ्यांचे नकाशे आता होत आहेत. आवडनिवड आणि किळस यांचा नकाशा राहिला आहे. ते स्वाभाविकही आहे. अनोळखी माणसासमोर कुणी घाण बोलत नाही.

ते काम कथाकारांनी केलं, आणि तिसरी परंपरा मी त्यांचीच मानतो. गडमुडशिंगीतून त्याच रस्त्यानं पुढे गेलं की पट्टणकोडोली लागतं. शंकर पाटलांचं ते गाव. कागलचे आनंद यादव, निपाणीचे महादेव मोरे. या तिघांच्या गद्यात नापसंतीचं विशेषण एकटं येत नाही. बोलणाऱ्याचं वय, जात, धंदा, घरातली जागा घेऊन येतं. मोऱ्यांच्या निपाणीत तर कानडीची सोबत असते आणि तंबाखूचा वास असतो. भाषाशास्त्राच्या वर्गात हे लेखक क्वचित वाचले जातात. वाचले जायला हवेत.

दलित साहित्यानं या विषयाचा पायाच हलवला. नामदेव ढसाळांचा गोलपिठा हा कवितासंग्रह 1972 मध्ये आला आणि विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. ज्या वस्तीला, ज्या शब्दांना पांढरपेशा मराठी घाण म्हणत होती, ते शब्द कवितेच्या मध्यभागी येऊन बसले. घाण म्हणणारा कोण आणि त्याला तो अधिकार कुणी दिला, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईनासा झाला.

याचं तात्त्विक अंग आपल्या परंपरेत जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रानं बीभत्स हा रस मानला आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव. किळस ही मूळ भावनांपैकी एक आहे, हे त्यानं ओळखलं होतं. अमेरिकेत चार्ल्स ऑसगूड आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये दाखवलं की माणसं शब्दांना मनात जोखतात तेव्हा सर्वांत वजनदार कसोटी चांगलं-वाईट हीच असते. पुढे दोन विचार वेगळे झाले. पॉल रोझिनसारखे मानसशास्त्रज्ञ किळसेचं मूळ तोंडात जाणाऱ्या वस्तूपाशी शोधतात; विष्ठेच्या आकाराचं चॉकलेट दिलं तर ते चॉकलेट आहे हे पक्कं माहीत असूनही माणसं बिचकतात, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लसनं 1966 च्या पुस्तकात उलट बाजूनं मांडणी केली : घाण वस्तूत नसते, जागा चुकलेली वस्तू म्हणजे घाण. आपल्याला हे समजायला कष्ट नाहीत. शेणानं अंगण सारवतात, शेणाच्या गोवऱ्या थापतात. तेच शेण चपलेला लागून माजघरात आलं की घाण. खवट आणि विटलेलं या शब्दांना रोझिन पुरतो. घाण या शब्दाला, आणि तो माणसाला लावला जातो तेव्हा तर नक्कीच, डग्लसशिवाय गती नाही.

आणि माणसाला तो लावला गेला आहे. विटाळ ही आपल्याकडे काही पुस्तकी कल्पना नव्हती. पाणी, भांडं, सावली, वाट यांचे कायदे तिनं केले. कोल्हापूरच्या इतिहासात तिला दिलेलं उत्तरही आहे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. 1902 मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला, आणि मार्च 1920 मध्ये याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले. कायद्यानं अस्पृश्यता गेली, पण तिचे शब्द बोलण्यात राहिले. 'घाणेरड्यासारखं वागू नकोस' असं आई मुलाला म्हणते तेव्हा 'सारखं' कुणासारखं, हे मूल न विचारता शिकतं. मला या साऱ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते, आणि पुस्तकाचा कल तिकडे झुकलेला दिसेल तर तो जाणून झुकवलेला आहे.

आज या अभ्यासाची निकड दोन कारणांनी आहे. पहिलं म्हणजे छोट्या, नेमक्या शब्दांची गळती. दूध सकाळ-संध्याकाळ संघाला जातं, तेल पाकिटातून येतं, पाणी नळाला येतं, आमटी फ्रिजमध्ये राहते. खवट, मचूळ, विटलेलं ओळखायचं कामच कमी झालं, म्हणून शब्द सुटत चालले. ही तक्रार नव्हे. बायकांचे कष्ट वाचले हे फार चांगलं झालं. पण शब्दांसोबत जिभेचं आणि नाकाचं शिक्षणही जातं, आणि ते नोंदवून ठेवणारी पिढी अजून आपल्यात आहे. दुसरं कारण शाळेचं. या भागातल्या पोराला 'वंगाळ म्हणू नये, वाईट म्हणावं' असं अजून सांगितलं जातं. म्हणजे त्याच्या आजीची भाषाच नावडत्या गोष्टींच्या यादीत टाकली जाते, आणि दुःखासाठी त्याच्याजवळ असलेला सर्वांत खोल शब्द त्याला लाजेचा वाटू लागतो. शिक्षकानं 'वाईट' जरूर शिकवावं. त्यासाठी वंगाळ पुसण्याची गरज नाही.

हे पुस्तक कोश नाही आणि प्रबंधही नाही. त्यात निबंध आहेत आणि त्यांच्यामध्ये शब्दनोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत अर्थाच्या आधी वापर दिला आहे : बोलणारं कोण, ऐकणारं कोण, शब्द वस्तूबद्दल की माणसाबद्दल, आणि तो 'वाटणे'च्या आधी बसतो का. या शेवटच्या कसोटीतून बरंच हाती लागलं. वंगाळ वाटतं ते दुखणं किंवा दुःख, वाईट वाटतं ती हळहळ, घाण वाटते ती किळस, बेकार वाटतं ती उदासी; आणि खवट, मचूळ, भंगार यांना 'मला' घेऊन असं वाटताच येत नाही. शब्दांचे दोन वर्ग इतक्या स्वच्छपणे वेगळे करणारी दुसरी कसोटी मला माहीत नाही.

काही गोष्टी ठरवून केल्या आहेत. उदाहरणांतले उच्चार ऐकले तसे छापले आहेत. 'नगंस'चं 'नकोस' केलेलं नाही. बोलणाऱ्यांची नावं कुठेही दिलेली नाहीत, कारण माणसं घरात जे बोलली ते घराच्या विश्वासावर बोलली. जातींच्या नावांवरून केलेल्या शिव्या नोंदींत घेतल्या नाहीत. किळसेचे शब्द त्या नावांना कसे चिकटवले गेले याची चर्चा मात्र एका पूर्ण निबंधात आहे, आणि तो निबंध घाईनं वाचू नये अशी विनंती आहे. नोंदींचा क्रम अकारविल्हे नाही. आधी नाकाचे शब्द, मग जिभेचे, हाताचे, डोळ्याचे आणि शेवटी मनाचे, असा तो लावला आहे. एकच शब्द दोन ठिकाणी आला तर दोन्हीकडे ठेवला आहे; घाण तर पाचही ठिकाणी आहे.